लहान मुलांची धबधब्याशी ओळख: दूधसागर शेवटी ठेवा

गोव्यात कुणाकडे पाहुणे आले आणि त्यांच्याबरोबर लहान मूल असलं, की बेत आधीच ठरलेला असतो: दूधसागर. चार वर्षांच्या पोराला काळोखात उठवायचं, कुळ्याला जीपच्या रांगेत ताटकळत ठेवायचं, मग जंगलातून आदळत-आपटत नेऊन ३१० मीटर उंचीच्या पाण्यासमोर उभं करायचं आणि म्हणायचं, "बघ, केवढा मोठा!" पोर एकदा वर बघतं आणि लगेच माकडांच्या मागे लागतं. आईबाप हिरमुसतात. आजी म्हणते, "त्याला काय कळतंय अजून." पण कळत नाही असं नसतं. त्याची स्वतःचीच उंची मीटरभर, त्याला ३० मीटर आणि ३१० मीटर सारखेच. त्याच पोराला वीतभर उंचीवरून पडणाऱ्या वहाळाच्या धारेपाशी बसवा, अर्धा तास जागचं हलणार नाही.

म्हणून माझं मत असं, की लहान मुलाची धबधब्याशी ओळख छोट्या पाण्यापासून करावी, भर पावसाळा टाळून करावी आणि दूधसागर सगळ्यांत शेवटी ठेवावा. यामागे थोडा भूगोल आहे, थोडं भौतिकशास्त्र आहे आणि बराचसा जिवाचा प्रश्न आहे. मोठ्यांना हे नीट उमगलं, की मुलांना सांगणं सोपं जातं.

पागोळ्यांपासून सुरुवात

वाहत्या पाण्याच्या वाटेत उतार एकदम तुटला, की पाणी कडेवरून खाली पडतं. धबधबा म्हणजे एवढंच. हे बघायला रानात जायची गरज नाही. जूनमध्ये कौलांच्या पागोळ्या सुरू झाल्या, की ओसरीवर बसल्या बसल्या सगळं दिसतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गच्चीचं पाणी पाइपातून जिथे खाली पडतं ती जागा शोधावी.

पाऊस थांबला, की मुलाला पागोळ्यांच्या रेषेत उकिडवं बसवा. अंगणात ओळीने खळगे पडलेले असतात, कौलांच्या एकेका पन्हळीखाली एकेक. खळग्यात बारीक माती नसते, ती केव्हाच उडून गेलेली असते. तळाशी उरतात जाड रेतीचे कण आणि चिऱ्याचे तांबडे खडे, स्वच्छ धुतलेले. उडालेली माती गेली कुठे? भिंतीकडे बघायला सांगा. चुन्यावर हातभर उंचीपर्यंत तांबडे शिंतोडे असतात. आता खळग्यात बोट घालून खोली मोजू द्या. पडणारं पाणी जमीन खणतं, हे मुलाच्या बोटाला आधी कळतं, डोक्याला मागाहून. मोठ्या धबधब्याच्या पायथ्याशी डोह का असतो याचं उत्तर हेच आहे. तिथे पाण्याबरोबर दगडगोटेही गरगरत असतात आणि वर्षानुवर्षं कातळ घासत राहतात. निघोजला कुकडी नदीतले रांजणखळगे अशाच घासण्यातून झाले आहेत.

पुढची पायरी वहाळाची. पाऊस ओसरल्यावर तांबडी सुर्लाला महादेवाच्या देवळाशेजारून वाहणारा ओढा यासाठी छान आहे. कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं ते काळ्या दगडाचं देऊळ मोठ्यांसाठी, आणि पायऱ्या उतरून खालचं पाणी मुलांसाठी. घोट्याएवढं पाणी असेल अशी जागा बघून बसा. दोन दगड आडवे लावा, मधल्या फटीतून पाणी सोडा. वरच्या बाजूला पाणी संथ असतं, तळ स्वच्छ दिसतो. फटीतून पडताना तेच पाणी पांढरं होतं आणि बोलू लागतं. आता मुलाला एक पान सोडायला सांगा. पान धारेबरोबर खाली पडतं, पण सरळ पुढे निघून जात नाही. धारेच्या पायथ्याशी फिरून फिरून परत येतं, गिरक्या घेतं, मधेच बुडतं, वर येतं. या पानाकडे मोठ्यांनीही नीट बघून ठेवावं, पुढे त्याचं काम आहे.

निघताना दगड होते तसे ठेवायचे. त्यांच्याखाली खेकड्यांची घरं असतात. मुलांना हे सांगितलं की ती मोठ्यांपेक्षा जास्त निष्ठेने पाळतात.

गोव्यात इतके धबधबे कुठून आले

सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्रापर्यंतचं अंतर गोव्यात जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. एवढ्यात जमीन हजारेक मीटर उतरते. सोसोगड हे गोव्यातलं सर्वांत उंच शिखर तर हजार मीटरच्या वर आहे. समुद्रावरून येणारे ढग या भिंतीला अडतात, वर चढतात, गार होतात आणि मोकळे होतात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत गोव्यात सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटाला लागून असलेल्या भागात त्याहूनही जास्त. ३००० मिलिमीटर म्हणजे तीन मीटर. हे सगळं पाणी वाहून न जाता अंगणात उभं राहिलं असतं, तर चार वर्षांची तीन मुलं एकावर एक उभी करून तिसऱ्याच्या डोक्यापर्यंत आलं असतं. हा हिशेब मुलांना फार आवडतो, आणि मग ती स्वतःच एकमेकांवर चढायला बघतात, तेव्हा जरा लक्ष ठेवा.

ही भिंत झाली कशी? सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करचा तुकडा भारतापासून तुटला आणि आपल्या बाजूला एक उंच कड उरली. पश्चिमेकडे धावणाऱ्या नद्यांनी ती कुरतडत कुरतडत पूर्वेकडे मागे नेली, असं भूगर्भशास्त्रज्ञ मांडतात. तिथले खडक त्याहून कितीतरी जुने आहेत. गोव्यातले बरेचसे खडक सुमारे २५० कोटी वर्षांचे. ईशान्य टोकाला, चोर्ला घाटाच्या बाजूला, थोडा भाग मात्र दख्खनच्या लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांचा. धबधबा हा या कुरतडण्याचा चालू हप्ता आहे. वरचा थर कणखर आणि खालचा ठिसूळ असला, तर खालचा आधी झिजतो, वरचा अधांतरी राहतो आणि एखाद्या पावसाळ्यात कोसळतो. धबधबा तेवढा मागे सरकतो. कड्याच्या टोकावर उभं राहून फोटो काढणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

पाच वर्षांच्या मुलाला यातलं काही सांगायला जाऊ नका. ढग डोंगराला अडला आणि रिकामा झाला, एवढं त्याला पुरतं. कोटी वर्षं म्हणजे त्याच्या लेखी मागच्या चवथीच्याही आधी कधीतरी.

"रात्री याला कोण बंद करतं?"

हा प्रश्न माझ्या भाचीने हरवळ्याला विचारला होता. नळ बंद होतो, शॉवर बंद होतो, मग हे चालू ठेवून सगळे घरी कसे जातात? मोठ्यांना हसू येतं, पण प्रश्न अगदी नेमका आहे. पाऊस थांबून आठवडे झाले, आभाळ निरभ्र आहे, तरी पाणी येतंच आहे. कुठून?

रानातली माती माठासारखी असते. पालापाचोळ्याखालची भुसभुशीत जमीन आणि भेगाळलेला खडक चार महिने पाणी पिऊन घेतात आणि नंतर ते हळूहळू पाझरत राहतं. झरे त्या पाझरावर चालतात, वहाळ झऱ्यांवर आणि धबधबा वहाळावर. उघड्या सड्यावरून जुलैत पडणाऱ्या शेकडो शुभ्र धारा पावसाने उघडीप दिली की आटतात, कारण त्यांच्यामागे साठा नसतो. दाट रानातून येणारे वहाळ मात्र डिसेंबर-जानेवारीपर्यंत टिकतात, काही तर बारमाही असतात. वरचं झाड तुटलं तर पावसात लोंढा येणार आणि दिवाळीनंतर ठणठणाट. म्हादई अभयारण्य किंवा नेत्रावळी का राखायचं, हे मुलाला वेगळ्या धड्यात शिकवावं लागत नाही.

लगेच दुसरा प्रश्न येतो: आणि हे पाणी जातं कुठे? पणजी किंवा फोंड्याच्या मुलांसाठी याचं उत्तर भन्नाट आहे. दूधसागरचं पाणी पुढे खांडेपार नदीत येतं. त्या नदीवर ओपाला पाणीपुरवठ्याचा प्रकल्प आहे आणि तिथलं पाणी फोंडा आणि तिसवाडी तालुक्यांत नळाला येतं. उरलेलं पाणी मांडवीला मिळून समुद्राला जातं. म्हणजे पणजीचं पोर दूधसागरला न जाताही रोज सकाळी त्या पाण्याने दात घासत असतं. त्याला जागा दाखवायची असेल तर आधी घरातला नळ, मग खांडेपारचा पूल, मग पुढचं; नदीच्या उलट दिशेने जायचं.

केव्हा आणि कुठे

समाजमाध्यमांवर गोव्याचे धबधबे जुलैतलेच दिसतात. लहान मुलांसाठी जुलै सर्वांत वाईट. पाणी गढूळ, वाटा निसरड्या, आवाज कानठळ्या बसवणारा आणि वर घाटात पाऊस कधी वाढेल याचा नेम नाही. २०२३च्या जुलैत नेत्रावळीतल्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली. पावसाळ्यात जायचंच असेल तर त्या वर्षीचा नियम वनखात्याच्या नाक्यावर विचारूनच निघावं, आणि 'नाही' म्हणाले तर वाद न घालता परत फिरावं. आपलं घोडं पुढे दामटणारा बाप बघून पोरही तेच शिकतं.

चवथ झाली, पाऊस विरळ झाला, की ऑक्टोबर ते डिसेंबर हा खरा मुलांचा हंगाम. पाणी भरपूर असतं, स्वच्छ असतं, आणि ऊन असल्याने इंद्रधनुष्यही मिळतं.

पहिला खराखुरा धबधबा म्हणून मी हरवळेच सांगेन. साखळीहून जवळ, रुद्रेश्वराच्या देवळाला लागून. गाडीतून उतरलं की बांधलेल्या पायऱ्या आणि कठडा, रानातली पायपीट नाही. लहान मूल कठड्यामागे उभं राहून तोंडावर तुषार घेऊ शकतं, कंटाळलं तर पाच मिनिटांत परत. जवळच चिऱ्यात कोरलेली लेणी आहेत, लोक त्यांना पांडवांची म्हणतात. कठड्यापलीकडे डोहात मात्र उतरायचं नाही, कुणी पोहत असलं तरी नाही.

भर पावसात पोरं घरात वैतागली असतील तर सांग्याजवळचं साळावली धरण. धरण भरलं की चोचीच्या आकाराच्या सांडव्यावरून पाणी अर्धगोल पडद्यासारखं खाली झेपावतं. माणसाने बांधलेला धबधबा आहे हे खरं, पण कठडा भक्कम आहे, शेजारी बाग आहे, आणि खवळलेलं पाणी किती जोरकस असतं ते सुरक्षित अंतरावरून बघायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. काणकोणात आंबेघाटातला बामणबुडो रस्त्यालगतच आहे, पण रस्त्यालगत असल्यानेच तिथे पावसाळी रविवारी गाड्या आणि गोंधळ. आठवड्यातल्या मधल्या वारी जावं.

सावरी, मैनापी, कुस्के, सत्तरीतले हिवरे आणि चरावणे हे चालत जायचे धबधबे. मूल सात-आठ वर्षांचं झालं, न कुरकुरता तास-दोन तास चालू लागलं, की तिकडे वळावं. त्याआधी पाठीवर बसवून नेण्यात हशील नाही. निसरड्या दगडावर तुमचा तोल गेला तर दोघेही पडता. नेत्रावळीला गेलात तर गोपीनाथाच्या देवळापाशी बुडबुड्यांची तळी आहे. लहानग्यांना ती कुठल्याही धबधब्याहून जास्त आवडते.

आणि दूधसागर? पावसाळा संपल्यावर जीप सुरू होतात तेव्हा. शेवटचा टप्पा दगडगोट्यांतून पायी आहे, तेव्हा पायाला पट्टा असलेली चप्पल हवी, आणि खाऊ पिशवीत बंद, नाहीतर माकडं मुलाच्या हातातून नेतात. रेल्वेच्या डब्यातून कुळे आणि कॅसलरॉकच्या मधे तो ओझरता दिसतो तोही आनंद मोठा आहे. खिडकीतून बघा. रुळांवरून चालत जाणं हा रेल्वेच्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्या घाटात बोगदे आहेत.

तिथे पोचल्यावर काय दाखवायचं

आधी कान. धबधबा दिसण्यापूर्वी ऐकू येतो. जिथे पहिल्यांदा ऐकू येईल तिथेच थांबा आणि विचारा, हा कसला आवाज? पाऊस, ट्रक, विमान, काहीही उत्तर येईल. मग दहा पावलं चालून पुन्हा ऐका. असं टप्प्याटप्प्याने गेलं की आवाजाची भीती बसत नाही. दोन-तीन वर्षांचं मूल तरीही कान झाकून घेत असेल, तर मागे फिरा. लांबून बघू द्या. भ्यायलेल्या मुलाला उचलून तुषारांत नेणारे काका प्रत्येक कुटुंबात असतात. त्यांना आवरणं हे आईबाबांचं काम.

हा आवाज येतो कुठून? पाणी दगडावर आपटतं म्हणून, असं आपण सांगतो, पण बराचसा आवाज बुडबुड्यांचा असतो. पाणी पडताना हवा आत कोंडली जाते, प्रत्येक बुडबुडा क्षणभर थरथरतो आणि वाजतो. बेल्जियममध्ये जन्मलेल्या मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये याचं गणित मांडलं: बुडबुडा जितका लहान तितका सूर उंच. म्हणून पागोळी टिपटिपते, ओढा खळखळतो आणि धबधबा घुमतो.

पाणी पांढरं का, हा प्रश्न तर येणारच. दूध असतं म्हणून, अशी थाप मारायला हरकत नाही, दूधसागरची लोककथाही तसंच सांगते. पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला खरं उत्तरही झेपतं. न्हाणीघरात साबणाचा एक बुडबुडा हातावर घ्या, तो आरपार दिसतो. फेसाचा गोळा घ्या, तो पांढरा. अनेक बुडबुड्यांवरून प्रकाश सगळीकडे उधळला, की आपल्याला पांढरं दिसतं. वहाळाच्या फटीत झालं तेच इथे मोठ्या प्रमाणावर होतं.

लांबून बघितलं तर उंच धबधबा सावकाश, तरंगत उतरतोय असं वाटतं. हा काही अंशी अंतराचा भास, पण काही अंशी खरंच आहे. एकसंध पाणी दहा मीटर पडलं तर खाली पोचेपर्यंत त्याला ताशी ५० किलोमीटरचा वेग येतो. उंच कड्यावरून पडताना मात्र धार फुटते, तिचे थेंब होतात, आणि थेंबाला हवा अडवते. पावसाचा टपोरा थेंबही ताशी ३०-३२ किलोमीटरच्या वर फारसा जात नाही. दगडाला हवा तशी अडवत नाही. तीस मीटरवरून सुटलेला खडा खाली येईपर्यंत ताशी ८५ किलोमीटरच्या आसपास पोचतो. धारेखाली उभं राहून डोकं भिजवण्याची हौस मुलांसोबत असताना सोडून द्यावी.

इंद्रधनुष्य नशिबावर सोडू नका. सूर्य पाठीशी आणि तुषार समोर असायला हवेत. आपल्या डोक्याच्या सावलीपासून सुमारे ४२ अंशांवर ते उमटतं. मुलाला स्वतःच्या सावलीकडे तोंड करून उभं करा आणि सावलीच्या भोवताली शोधायला सांगा. एक पाऊल सरकलं की इंद्रधनुष्यही सरकतं. प्रत्येकाला आपापलं दिसतं, हे कळल्यावर "माझं मोठं की तुझं" यावर भांडण होतंच.

आणि माझा सगळ्यांत आवडता खेळ. पडणाऱ्या पाण्यावर एकाच ठिकाणी अर्धा मिनिट टक लावून बघायचं, मग झटकन बाजूच्या कातळाकडे बघायचं. कातळ वर सरकताना दिसतो! १८३४ मध्ये रॉबर्ट ॲडम्सने स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यापाशी हे अनुभवून लिहून ठेवलं. खाली जाणारी हालचाल टिपणाऱ्या मेंदूतल्या पेशी थकतात, वरच्या हालचालीच्या पेशी क्षणभर वरचढ ठरतात आणि स्थिर दगड चढू लागतो. पाच वर्षांपुढच्या मुलांना हे जमतं. त्याहून लहान मूल अर्धा मिनिट टक लावून बसतच नाही.

पानाची गोष्ट पुन्हा, आणि बेडकांची

ओढ्यातलं पान आठवा. पडणारी धार डोहात खोल शिरते, तळाला आपटते, पुढे जाऊन वर येते, आणि पृष्ठभागावरचं पाणी परत धारेकडे ओढलं जातं. पान त्या चक्रात अडकलं होतं. डोहात माणूसही तसाच अडकतो. शिवाय फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने ते अंगाला उचलून धरत नाही. विहिरीत किंवा समुद्रात सराईतपणे पोहणारा इथे गोते खातो. म्हणून धबधब्याच्या डोहात लहान मुलाला घेऊन उतरणं साफ नामंजूर. पाण्यात खेळायचंय ना, मग खाली बरंच अंतर सोडून, जिथे वहाळ पसरट आणि घोट्याएवढा आहे तिथे.

तिथेही मूल हाताच्या अंतरावर हवं. बुडणारं मूल ओरडत नाही, हातपाय आपटत नाही. श्वास घेण्याच्या धडपडीत त्याला आवाजच काढता येत नाही. आणि त्या गाजेत ओरडलं तरी ऐकू येणार नाही. पश्चिम घाटातल्या ओढ्यांत नाचरे बेडूक असतात. २०१४ मध्ये एस. डी. बिजू यांच्या गटाने त्यांच्या एकदम १४ नव्या जाती जगासमोर आणल्या. या बेडकांचे नर दगडावर बसून मागचा पाय बाहेर ताणून झेंड्यासारखा हलवतात. पाण्याच्या आवाजात हाक पोचेलच असं नाही, म्हणून ही खूण, असं अभ्यासक मानतात. आपणही तेच करायचं. निघण्यापूर्वी घरीच तीन खुणा ठरवा: हात वर म्हणजे थांब, डोक्यावर हात म्हणजे माझ्याकडे ये, मूठ हलवली म्हणजे परत चला. बेडकाची गोष्ट सांगून शिकवल्या तर मुलं त्या खुणा विसरत नाहीत, उलट घरी जेवतानाही वापरतात.

पाण्यावर मोठ्यांपैकी एकाने नुसती नजर ठेवायची, मोबाइल खिशात. स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागलं, काटक्या आणि पालापाचोळा जास्त वाहून यायला लागला, आवाज जड झाला, की वर घाटात पाऊस झाला आहे असं समजायचं. डोक्यावर ऊन असलं तरी. त्या क्षणी काठ सोडून उंचावर जायचं, चप्पल राहिली तर राहू दे. गुडघाभर वेगाचं पाणी धडधाकट माणसाला पाडतं. रानात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून कुठे जातोय ते घरी सांगून निघावं. रेंज मिळाली तर ११२ किंवा १०८.

घरी आल्यावरची दोन कामं राहिली. पहिलं, अंग तपासणं. जळू लागली असेल तर घाबरू नका, नखाने हलकेच तिचं तोंड सुटं करा, रक्त थोडा वेळ वाहील, मग थांबेल. गोचिडीचं प्रकरण वेगळं. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो पसरवणाऱ्या गोचिडी कोरड्या दिवसांत, साधारण डिसेंबर ते मेपर्यंत, जास्त असतात. त्या काळात अंगभर कपडे घाला, पाचोळ्यात बसू नका, आणि आल्यावर मुलाच्या काखा, मानेचा मागचा भाग, कानांमागे बघा. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.

दुसरं, ताप. पावसाळ्यातल्या ओढ्यांत उंदीर-गुरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येऊ शकतात आणि खरचटलेल्या कातडीतून शरीरात जातात. गुडघा फुटलेला असेल तर त्या दिवशी पाण्यात खेळ नाही. सहलीनंतर महिन्याभरात मुलाला ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर घरी पॅरासिटामॉल देऊन वाट बघू नका. डॉक्टरांकडे न्या आणि मूल कुठल्या वहाळात, कधी खेळलं होतं ते आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.